लेकीला ‘फोटोशॉप’ हवं होतं: ऑक्टोबर ते जानेवारी, आमचा शोध

मुलांसाठी फोटो एडिटिंगचं सोपं सॉफ्टवेअर कोणतं, असं शोधलं की याद्याच याद्या मिळतात. सगळीकडे तीच नावं, पुढे तारे आणि खाली ‘डाउनलोड करा’चं बटण. घरातला लॅपटॉप किती जुना आहे, कॅमेरा कोणत्या कंपनीचा आहे, दर महिन्याला कार्डावरून पैसे कापले गेलेले चालणार आहेत का, मुलगी अठराच्या आतली आहे तर खातं कुणाच्या नावाने उघडायचं, यातलं काहीही त्या याद्या विचारत नाहीत. आमच्यापुढे मात्र हेच प्रश्न एकेक करून आले. आता बरंचसं मार्गी लागलंय, तर आठवतंय तोवर क्रमाने लिहून ठेवते.

आम्ही निफाडला राहतो. मी द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये हिशेबाचं काम बघते. कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. लेक नववीत आहे आणि तिला पक्ष्यांचं वेड लावलं ते नांदूर मध्यमेश्वरने. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेलं हे अभयारण्य आमच्याच तालुक्यात आहे. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत २०२० मध्ये गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. हिवाळ्यात रविवारी पहाटे बापलेक चापडगावला जातात आणि उन्हं चढल्यावर चिखलाचे बूट दारात काढतात. आधी सगळं मोबाइलवर चालायचं. मोबाइलच्या फोटोत शेकाट्या पक्षी म्हणजे पाण्यावरची काडी आणि वारकरी नावाचं पाणपाखरू म्हणजे काळा ठिपका.

भाऊबीजेला, २३ ऑक्टोबर २०२५ ला, धाकट्या दिरांनी त्यांचा जुना कॅनन १५००डी तिला देऊन टाकला. सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स आणि ३२ जीबीचं एक कार्ड. जाताना म्हणाले, “वहिनी, हिला फोटोशॉप टाकून द्या. बाकीचं तिचं ती शिकेल.”

‘टाकून द्या’ म्हणायची सवय आपल्या पिढीची. फोटोशॉप १९९० सालचं, आणि आपण ते सीडीवरून टाकलेलं पाहिलंय. २०१३ पासून ॲडोबी कंपनीने नव्या आवृत्त्या वर्गणीवर नेल्या. विकत घेऊन कायमचं आपलं, हा प्रकार राहिला नाही. हे मला माहीत नव्हतं, दिरांनाही नव्हतं. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या मुलाला मात्र चांगलं माहीत होतं. “ताई, क्रॅक आहे ना आपल्याकडे. पाचशेत टाकून देतो. फक्त अँटिव्हायरस बंद ठेवायचा.” त्याच लॅपटॉपवर मार्चअखेरीला मी टॅली उघडते. क्रॅक म्हणजे चोरीची प्रत, त्यात अँटिव्हायरसची अट ऐकली आणि विषय तिथेच मिटवला. लेकीने दोन दिवस तोंड फुगवलं. तिच्या वर्गातल्या कुणाकडे म्हणे आहे.

लॅपटॉप म्हणजे इंटेलचा सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १०. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे अपडेट, १४ ऑक्टोबरलाच, म्हणजे कॅमेरा घरात येण्याच्या आदल्या आठवड्यात, संपला होता. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तो रस्ता अधिकृतपणे बंद. नवा लॅपटॉप घ्यायचा तर चाळीस हजारांची गोष्ट. त्याचं उत्तर घरात सगळ्यांना न विचारताच ठाऊक होतं. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट एक वर्ष वाढवून दिले आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की त्याला पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. आमच्याकडे तो लगेच दिसला नाही, आधीचे राहिलेले अपडेट पूर्ण झाल्यावर दिसला. कुणाचा लॅपटॉप या वयाचा असेल तर सॉफ्टवेअर शोधायच्या आधी हे करून घ्या.

मग रॅम आणि एसएसडी, म्हणजे फिरत्या डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. ५०० जीबीचा एसएसडी २,९०० रुपये, ८ जीबी रॅम २,६००, बसवायची मजुरी ३००. रॅमचे भाव तेव्हा चढायला लागले होते. दुकानदाराने नाशिकहून मागवून दिली, त्यात आठवडा गेला. काढलेली हार्ड डिस्क त्याच्याकडे सोडू नका. साडेचारशे रुपयांच्या केसमध्ये घालून आम्ही ती फोटोंच्या दुसऱ्या प्रतीसाठी ठेवली. सगळ्या खर्चात रॅम-एसएसडीचा हाच मोठा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात उपयोगी पडला तोही हाच. एखादं सॉफ्टवेअर ‘नवशिक्यांसाठी अवघड’ वाटतं तेव्हा कित्येकदा लॅपटॉपच रांगत असतो. स्लायडर सरकवल्यावर चित्र बदलायला चार सेकंद लागले तर कुठल्या मुलाला कळणार की आपण काय केलं?

लॅपटॉप दुकानात होता त्या आठवड्यात एक काम झालं, आणि पुढचा सगळा शोध त्यानेच सोपा केला. सॉफ्टवेअर निवडण्याआधी आम्ही फोटो निवडले. लेकीला म्हटलं, तुझे असे फोटो काढ की जे चांगले आहेत पण कुठेतरी अडलेत. तिने काढले ते असे. एक शेकाट्या, पहाटेचा, मागून ऊन असल्याने नुसती काळी आकृती. दुसरा तिच्या आजीचा, स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली, आयएसओ (कमी उजेडात वाढवायचा आकडा) ३२०० वर, म्हणून रवाळ. तिसरा राखी बगळा. उभा सुंदर आहे, पण पाण्याची रेघ तिरकी आणि त्याच्या डोक्यामागून विजेची तार गेलेली. जे सॉफ्टवेअर बघायचं त्यात याच फोटोंवर तीच कामं करायची: पक्ष्याच्या अंगावर उजेड आणायचा, आजीचा पिवळा चेहरा माणसात आणायचा, पाणी सरळ करायचं. आणि एक काम मी जोडलं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडून काल केलेलं सगळं मागे घेता येतं का ते बघायचं. फोटोतलं कळत नसलं तरी हिशेबातलं कळतं: मूळ नोंद खोडायची नाही, दुरुस्ती वेगळी दिसली पाहिजे.

इथे रॉ आणि जेपेग आलं. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘रॉ + एल’ असा पर्याय असतो. तो लावला की प्रत्येक क्लिकच्या दोन फाइल मिळतात, एक रॉ आणि एक जेपेग. नाशिकच्या फोटो लॅबमधल्या काकांनी तिला एका वाक्यात समजावलं: रॉ म्हणजे मळलेली कणीक आणि जेपेग म्हणजे भाजलेली पोळी, भाजल्यावर परत उंडा होत नाही. शेकाट्याच्या जेपेगमध्ये अंधार उजळला तर नुसता करडा चिखल वर आला. रॉमध्ये त्याच पंखांतली पिसं दिसली. किंमत जागेत मोजावी लागते. या कॅमेऱ्याची रॉ फाइल पंचवीस एमबीच्या पुढे जाते, म्हणून ३२ जीबीच्या कार्डात दोन्ही मिळून नऊशेच्या आसपास फोटो बसतात. मुलांना ते पुरतात. पुरेनासे झाले की निवडायला शिकतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लॅपटॉप घरी आला आणि आम्ही आधी महागड्या दारावर गेलो. फोटोशॉपवाल्या ॲडोबीचंच लाइटरूम हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर सात दिवस मोफत वापरायला मिळतं. खातं माझ्या नावाने उघडलं. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण बालक धरलंय, आणि पैशाचा व्यवहार तर माझ्याच कार्डावरून होणार होता. माझं डेबिट कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंद होतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा घाला, मग ओटीपी. दर महिन्याच्या कपातीचा ई-मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, तयार होतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला हवा, आणि पंधरा हजारांपर्यंतच्या पुढच्या कपातींना पुन्हा ओटीपी विचारत नाहीत. म्हणून तो मेसेज वाचायचा असतो. बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेटची यादी दिसते, ती कुठे आहे हे खातं उघडायच्या दिवशीच शोधून ठेवा.

आणखी एक गोष्ट शांतपणे वाचावी लागते. ‘वार्षिक, मासिक हप्त्याने’ आणि ‘मासिक’ या दोन वेगळ्या योजना आहेत. पहिलीत महिन्याचा आकडा कमी दिसतो, पण बांधिलकी वर्षाची असते आणि मध्येच सोडलं तर उरलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम आकारली जाते. ही अट ग्राहकांना नीट दाखवली जात नाही, असा आरोप ठेवून फेडरल ट्रेड कमिशनच्या सांगण्यावरून अमेरिकेच्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर खटला भरला. मी हिशेबातली बाई, बारीक अक्षर वाचणं हाच धंदा, तरी मलाही ते पान दोनदा वाचावं लागलं.

आता सॉफ्टवेअरबद्दल. शिकायला लाइटरूमच सगळ्यात सोपं, हे कबूल करते. आतच धडे आहेत, स्लायडर वरून खाली ज्या क्रमाने वापरायचे त्याच क्रमाने मांडलेत, मूळ फोटोला धक्का लागत नाही. आजीचा चेहरा लेकीने पहिल्याच संध्याकाळी जागेवर आणला. नावांचा मात्र गोंधळ आहे. २०१७ पासून एक ‘लाइटरूम’ आहे, ते ऑनलाइन साठ्यावर चालतं, आणि दुसरं ‘लाइटरूम क्लासिक’, त्यात फोटो आपल्याच डिस्कवर राहतात. नेट कधी आहे कधी नाही अशा घरात क्लासिक बरं. वर्गणी बंद केली तरी क्लासिक उघडतं, फोटो बघता आणि बाहेर काढता येतात, पण एडिट करायचा डेव्हलप विभाग बंद होतो. एकदाच पैसे भरायचे तर फोटोशॉप एलिमेंट्स आहे, असं वाटलं होतं. २०२५ च्या आवृत्तीपासून त्याचाही परवाना तीन वर्षांपुरताच मिळतो.

नववीतल्या मुलीचा छंद सहा महिन्यांनी कुठे असेल हे कोण सांगणार? दर महिन्याला पैसे जायला लागले की त्यासोबत ‘वापरत का नाहीस’ हा प्रश्नही घरात राहायला येतो. ते मला नको होतं. मुदत संपायच्या दोन दिवस आधी योजना रद्द केली, रद्द झाल्याच्या ई-मेलचा स्क्रीनशॉट घेतला आणि बँकेच्या यादीतून मँडेटही काढला. दोन्हीकडून काढा. घरात कुणी फोटोचं काम करून कमावत असेल तर हिशेब वेगळा, तेव्हा वर्गणी खुशाल घ्यावी.

मग फुकटातली. इथे लेकीने पुढाकार घेतला, मी नुसती शेजारी बसून कॉफी प्यायले.

जिंप सगळ्यांना ऐकून माहीत असतं. १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, आजही पूर्ण मोफत, कुठलंही खातं नको. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली आणि तेव्हापासून फिल्टर लावल्यावरही मागे फिरता येतं. पूर्वी ते चित्रात कायमचे मुरायचे. नेटवर जुने धडे बघाल तर मेनू जुळणार नाहीत, म्हणून २०२५ नंतरचेच बघा. अडचण अशी की कॅमेऱ्याची रॉ फाइल जिंप स्वतः उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपी या रॉ उघडणाऱ्या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरकडे पाठवतं. म्हणजे एका ऐवजी दोन सॉफ्टवेअर शिकणं आलं.

म्हणून डार्कटेबल. २००९ पासून जगभरचे हौशी लोक मिळून ते बनवतात, दर जूनला आणि डिसेंबरला नवी आवृत्ती येते. ताकद अफाट. पण एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, वाढवायचं तरी तीन ठिकाणं, आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. लेक म्हणाली, “आई, हे फिजिक्स आहे.” तिच्या बाबांना आवडलं. ते अजून अधूनमधून उघडून बसतात.

फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते, बाजूला जाहिराती दिसतात. शाळेच्या लॅबमध्ये काही टाकायची परवानगी नसते तिथे हे उत्तम. घरी नेट गेलं की फार बसता येत नाही, म्हणून सोडलं.

आणि ज्याचं नाव एकाही यादीत वर नव्हतं ते कॅमेऱ्याच्या कंपनीचंच निघालं. डिजिटल फोटो प्रोफेशनल, डीपीपी म्हणतात. कॅनन घेतलेल्याला ते फुकट आहे. डाउनलोड करताना कॅमेऱ्याचा अनुक्रमांक विचारतात. तो बॉडीच्या तळाशी बारीक अक्षरात असतो, मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. निकॉनवाल्यांसाठी असंच एनएक्स स्टुडिओ आहे, सोनीसाठी इमेजिंग एज. दिसायला डीपीपी जुनाट आहे. सरकारी वेबसाइटसारखं दिसतं, असं लेकीचं मत. पण पिवळ्या फोटोवर पिपेट (‘हे पांढरं’ असं दाखवायचं अवजार) घेऊन आजीच्या पांढऱ्या पदरावर टिचकी मारली आणि सगळा फोटो ताळ्यावर आला. तेच बदल उचलून शेजारच्या वीस फोटोंना लावता येतात. मूळ रॉ तसाच राहतो, बदलांची फक्त नोंद होते, आणि ‘मूळ स्थितीत आणा’ म्हटलं की आपण जिथून निघालो तिथे परत. माझ्या हिशेबाच्या अटीत ते सगळ्यात चोख बसलं. यात एकावर एक ठेवायचे थर नाहीत, अक्षरं लिहिता येत नाहीत. नवशिक्या मुलासाठी मला ही उणीव वाटत नाही. आधी उजेड आणि रंग कळू देत.

पण शाळेच्या पोस्टरला अक्षरं लागतात, दोन फोटो शेजारी लागतात. त्यासाठी ॲफिनिटी. इंग्लंडातल्या सेरिफ कंपनीचं हे पूर्वी एकदाच पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर. मार्च २०२४ मध्ये ऑनलाइन डिझाइनवाल्या कॅनव्हा कंपनीने सेरिफ विकत घेतली आणि ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी आवृत्ती चक्क फुकट केली. आमचा शोध चालू असतानाच, लॅपटॉप दुकानात होता त्या आठवड्यात! कॅनव्हाचं खातं लागतं, तेही माझ्याच नावाने काढलं. एआयची अवजारं पैसे भरणाऱ्यांनाच आहेत, आणि मला ते सोयीचंच वाटलं. लेकीला जिंपपेक्षा हे हाताला लवकर बसलं. मी जिंपच्या बाजूने होते, कारण जे कुणाच्याच मालकीचं नाही ते उद्या महाग होत नाही. शेवटी वापरणार ती, म्हणून तिचं चाललं. माझी अट एवढीच की तयार झालेला प्रत्येक फोटो टिफ आणि जेपेगमध्येही ठेवायचा. सॉफ्टवेअर गेलं तरी फोटो कुठेही उघडला पाहिजे.

मोबाइलवरचं स्नॅपसीड तिने सोडलं नाही, सोडायची गरजही नाही. गूगलचं, फुकट, आणि केलेल्या बदलांची यादी उघडून मधलाच एक बदल काढता येतो. घाटात गाडीत बसून फोटो सरळ करायला तेच. ज्याच्याकडे मोबाइलच आहे आणि कॅमेरा नाही अशा मुलाने तर तिथूनच सुरुवात करावी. लॅपटॉपची घाई नको.

डिसेंबरमध्ये शिकणं सुरू झालं. सुरुवातीला सगळे फोटो मेहंदीच्या कोनासारखे रंगले. आकाश निळंशार, गवत विषारी हिरवं. मी काही बोलले नाही. तिच्या बाबांनी एक युक्ती काढली: रात्री एडिट केलेला फोटो सकाळी दात घासताना बघायचा आणि मगच कुणाला पाठवायचा. रंगाचा स्लायडर आपोआप खाली आला. क्रमही तिने स्वतःच बसवला. आधी सरळ करणं आणि कापणं, मग उजेड, मग पांढऱ्याचा तोल (पांढरं पांढरंच दिसणं), शेवटी धार, म्हणजे कडांचा रेखीवपणा. रवाळपणा पूर्ण पुसायचा नाही, आजीचा चेहरा मेणाचा दिसायला लागतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनात भिंतीवर फोटो लावायचे ठरले, तेव्हा प्रिंटचं प्रकरण आलं. आता लॅबमध्ये काय सांगावं लागतं ते. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत हवी. कॅननच्या फाइलच्या नावाची सुरुवातच खालच्या रेघेने होत असेल तर कॅमेरा ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीवर आहे असं समजा आणि मेनूतून बदला, नाहीतर प्रिंटमध्ये रंग मेलेले येतात. कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन आकाराचा, म्हणून ४ बाय ६, ८ बाय १२, १२ बाय १८ या मापांत काही कापलं जात नाही. मोबाइलचा बहुधा चारास तीन असतो, त्यात डोकं किंवा पाय जातात. १५००डीचा पूर्ण फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, १२ बाय १८ इंचाला तो भरपूर. शेकाट्याचा फोटो मात्र कापून ३००० बाय २००० राहिला होता. काका म्हणाले, “बाळा, हा आठ बाय बाराच कर, मोठा केलास तर फुटेल.” लेकीला मोठाच हवा होता. काकांनी तिला स्क्रीनवर तेवढा मोठा करून दाखवला, मग ती गप्प.

काकांचा दुसरा सल्ला पैसे वाचवणारा होता. लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केलं की प्रिंट काळपट येते, म्हणून उजेड निम्मा करायचा आणि आधी दहा रुपयांची ४ बाय ६ काढून उन्हात बघायची. आजीची छोटी प्रिंट काळपट आलीच. घरी येऊन उजेड थोडा वाढवला, पुन्हा दहा रुपये, मग मोठी. १२ बाय १८ दीडशेला पडली, ८ बाय १२ साठला. फाइल पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सॲपवरच पाठवायची वेळ आली तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो.

राहिला तो राखी बगळा आणि त्याच्यामागची तार. तिला तो एका पक्षी छायाचित्र स्पर्धेत पाठवायचा होता, मुदत ३१ डिसेंबर. ॲफिनिटीत तार पुसणं पाच मिनिटांचं काम, आणि तिने ती इतकी सफाईने पुसली की मला कौतुक वाटलं. मग आम्ही नियमावली उघडली. निसर्ग छायाचित्रांच्या स्पर्धांमध्ये बहुधा कापणं, उजेड, रंग, धार आणि सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढणं चालतं. चित्रात होतं ते काढणं किंवा नव्हतं ते घालणं चालत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या मोठ्या स्पर्धेतही असंच आहे, तिथे दहा वर्षांपर्यंतच्या मुलांपासून वेगळे गट आहेत आणि निवडीच्या पुढच्या टप्प्यावर रॉ फाइल मागतात. आमच्या स्पर्धेनेही रॉ मागितला होता.

“धूळ काढली तर चालते आणि तार काढली तर नाही? दोन्ही नकोच होतं ना फोटोत?” तिचा प्रश्न.

“धूळ तिथे नव्हती,” तिचे बाबा म्हणाले. “तार होती.”

यावर बराच वाद झाला. तारेसकटचा फोटो तिला कुरूप वाटत होता. शेवटी तिने डीपीपीत परत मूळ रॉ उघडला, पाणी सरळ केलं, चौकट अशी घट्ट कापली की तारेचा एक तुकडा राहिला आणि बगळ्याची मान त्याच्या अलीकडे आली. पुसलेला फोटो तिच्या खोलीत लावलाय, तारेचा स्पर्धेला गेला. पाठवताना लांब बाजू किती पिक्सेल आणि फाइल किती एमबीपर्यंत हे अर्जात दिलेलं असतं, त्याप्रमाणे निर्यात करावं लागतं. अठराच्या आतल्यांसाठी पालकाचं सही केलेलं संमतिपत्र स्कॅन करून जोडायचं होतं. शेवटच्या संध्याकाळी अपलोडचं पान अडकत होतं, म्हणून दोन दिवस हाताशी ठेवूनच बसा. निकाल अजून यायचाय.

जानेवारीत संमेलन झालं. प्रिंट परत आल्या, एकीचा कोपरा दुमडलाय. सध्या दर रविवारी दुपारी कार्ड रिकामं करणं, डीपीपीत तारे देऊन निवडणं, नको ते पुसणं आणि उरलेले जुन्या हार्ड डिस्कवर दुसरी प्रत म्हणून टाकणं असा रिवाज पडलाय. दुसऱ्या प्रतीशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, हा घरातला एकमेव लेखी नियम आहे आणि तो फ्रिजवर चिकटवलाय.

लॅपटॉपचा प्रश्न ऑक्टोबर २०२६ मध्ये पुन्हा उभा राहणार. तोवर नवा घेणं जमलं तर ठीक, नाहीतर दुकानातला मुलगा म्हणतो तसं त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकावी लागेल. कुणी त्याच विचारात असेल तर आधीच बघून ठेवा: डीपीपी आणि ॲफिनिटी दोन्हींची लिनक्ससाठी आवृत्ती नाही, जिंप आणि डार्कटेबलची आहे. लेकीला हे अजून सांगितलेलं नाही, तिच्या बाबांना सांगितलंय.